सरवरचा प्रोसेसर

एका अंकाच्या संपादकबाई दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "आजी, तुमचा संघर्ष लिहा." मी म्हटलं, संघर्ष सगळ्यांचाच सारखा असतो, एकीचा वाचला की दुसरीचा वाचायची गरज नाही. कामाचं लिहू का? त्या जरा हिरमुसल्या, पण हो म्हणाल्या. शिकले मी चौथीपर्यंत. शुद्धलेखन सुनेनं पाहिलं आहे, मतं माझी आहेत.

चिखलीत बसस्टँडमागच्या गल्लीत आमचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. नवरा होता तोवर तिथं रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त व्हायचे. सोल्डरिंग मी त्याच्या शेजारी बसून शिकले, कारण घरी बसून त्याची वाट पाहण्यापेक्षा ते बरं होतं. पुढं रेडिओ गेले, नवराही गेला, आणि मुलगा मिलिंद लॅपटॉपचं शिकून आला. आत काय बिघडलं ते शोधणं त्याच्याकडे; खोलणं, पुसणं, पंखा काढणं, पेस्ट लावणं माझ्याकडे.

पेस्ट म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. लॅपटॉपच्या पोटात प्रोसेसर नावाची नखाएवढी चकचकीत टिकली असते. सगळा विचार ती करते, आणि विचार केला की तापते. तिच्यावर तांब्याची पट्टी बसवलेली असते. ती पट्टी उष्णता ओढून पंख्याकडे नेते. टिकली आणि पट्टीच्या मध्ये हवा राहू नये म्हणून पेस्ट लावायची. किती? पानाला चुना लावतो तितकी. कमी लावला तर पान रंगत नाही, जास्त लावला तर तोंड भाजतं.

पेस्ट वाळली किंवा पंखा तुंबला, की प्रोसेसर लगेच मरत नाही. आधी हळू होतो, दम खातो. गिऱ्हाईक म्हणतं, "स्लो झाला." खताच्या एका दुकानदाराचा लॅपटॉप दर हिवाळ्यात स्लो व्हायचा आणि उन्हाळ्यात बरा व्हायचा. सगळ्यांचं उलटं असतं. शेवटी मी विचारलं, थंडीत बसता कुठं? तर म्हणे अंथरुणात, रजईवर ठेवून. रजईनं त्याचं नाक दाबलं जात होतं. एका बाईंनी झुरळं शिरू नयेत म्हणून जाळीतून बोरिक पावडर भरली होती. झुरळ एकही निघालं नाही. पंखाही फिरत नव्हता.

आता सर्वर. हा शब्द आमच्या तालुक्यात मीठमिरचीसारखा झाला आहे आणि वस्तू कुणी पाहिलेली नाही. रेशनला अंगठा लागत नाही, सर्वर डाऊन. सातबारा निघत नाही, सर्वर डाऊन. एकदा रेशनच्या रांगेत माझ्यापुढची म्हातारी दुकानदाराला म्हणाली, "रोजच पडते म्हंता तो सरवर, त्याले एखाद्या चांगल्या डाक्टरले तरी दाखवा ना बाप्पा." सगळी रांग हसली. मी हसले नाही. माझ्या ओळखीचा खराच एक सरवर आहे, आणि त्या वर्षी तोही पडायच्या बेतात होता.

सरवरभाई अमडापूरचा. माझ्या नवऱ्याचा दोस्त, माझ्याहून लहान, मला भाभी म्हणतो. रिळाचे कॅमेरे होते तेव्हापासून त्याचा फोटो स्टुडिओ. मग व्हिडिओ आला, मग लॅपटॉपवर लग्न कापून जोडायचं काम आलं. ते तो फार चांगलं करतो. कुठं थांबायचं, कुठं तोडायचं, ही नजर त्याला आहे. माझ्या मिलिंदच्या लग्नात मी एकदाच डोळे पुसले होते, तेही धुरानं. त्यानं ते अर्ध्या पळापुरतं ठेवलं आहे. मी काढ म्हटलं तरी काढलं नाही.

पण मग गावोगाव पोरांनी कॅमेरे घेतले, कुणी फोनवरच लग्न काढू लागलं. सरवरभाईची गिऱ्हाइकं गळाली. त्याची दोन मुलं मागं लागली, की स्टुडिओ बंद करा, आम्ही तिथं मोबाइलचे कव्हर आणि काचा लावायचं दुकान टाकतो. त्यानं त्यांच्याकडून एक लग्नसराई मागून घेतली. सराईत स्टुडिओ चालला तर चालला, नाही तर किल्ली मुलांची. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा त्याचा लॅपटॉप माझ्या टेबलावर उघडा पडला होता, आणि मेलेला होता.

"भाभी, जगते का?"

"पाहू देशील तं सांगीन. तू त्याची नाडी पकडून बसू नको."

रोग कळला. लॅपटॉपचा प्रोसेसर बोर्डावर कायमचा चिकटवलेला असतो, खालून सोल्डरचे बारीक बारीक टाके असतात. सरवरभाईनं पत्र्याच्या खोलीत बसून दिवसदिवस त्याच्याकडून लग्नं काढून घेतली होती. तापून, निवून, पुन्हा तापून टाके सुटले. ते काम करायचं यंत्र आमच्याकडे नाही. अकोल्याला गोपाल नावाचा माणूस ते करतो आणि जुने सुटे भागही विकतो. बोर्ड त्याच्याकडे बसनं पाठवला.

सरवरभाईचे रोज फोन. मग मी गोपालला फोन केला.

"गोपालभाऊ, सरवरचा प्रोसेसर पाठवून दे लवकर. सीझन चालू हाय."

"सरवरचा? कोणता पायजे, मावशी?"

"कोणता म्हंजे? तुह्याजवळ हाय तोच."

"एक पडेल हाय इथं. पण जुना हाय."

"जुनाच हाय, मले माहीत नाही का? चालते ना?"

"चालते तं मस्त."

"मंग काऊन ठेवला? पाठव."

दोघांनाही आपण काय बोललो याची पक्की खात्री होती.

बिस्किटाच्या खोक्यातून पार्सल आलं. आत फोममध्ये गुंडाळलेली, जवळजवळ माझ्या तळहाताएवढी जाड चौकोनी वस्तू. वर धातूचं झाकण, खाली सोनेरी ठिपक्यांची रास. मी मिलिंदला म्हटलं, हा गोपाल पिऊन राह्यला का? मिलिंदनं हातात घेतलं आणि इतका हसला की चहा सांडला.

"आई, हा सर्वरचा प्रोसेसर हाय."

"हाव मंग. सरवरचाच मांगितला मी."

"सरवरचाचाचा नाही वं. सर्वरचा! डाऊन होते तो!"

असा आमच्या टेबलावर सर्वर आला. मी एका मेलेल्या लॅपटॉपचा बोर्ड काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. इकडं नखाएवढी टिकली, तिकडं तळहात. मला वाटलं, मोठा आहे म्हणजे तेवढाच पळणारा असेल. मिलिंद म्हणाला, तसं नाही. त्यानं सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते.

प्रोसेसरच्या आत काम करणारे हात असतात, त्यांना कोअर म्हणतात. लॅपटॉपमध्ये ते थोडे असतात पण चपळ. सर्वरमध्ये पुष्कळ असतात, पण एकेक हात लॅपटॉपच्या हातापेक्षा सावकाशच चालतो. लॅपटॉप म्हणजे घरची चूल. एक माणूस आला, पटकन भाकर टाकली, वाढली. सर्वर म्हणजे जयंतीच्या जेवणाचा आचारी. त्याला सांगा, एक भाकर दे, तर त्याची भट्टी पेटेपर्यंत तुम्ही घरी जेवून याल. पण एकदा भट्टी पेटली की सगळी वस्ती जेवून उठते आणि तो थकत नाही.

लॅपटॉपचा प्रोसेसर बॅटरीवर जगायचा, म्हणून काटकसरी. काम नसलं की डोळा मिटतो, झाकण उघडलं की उठतो, तान्ह्या लेकराच्या आईसारखा. सर्वरचा उठायलाच वेळ लावतो. आधी आपली सगळी मेमरी तपासतो, मग बोलतो. पण उठला की झोपायचं नाव नाही. त्याच्या मेमरीत बारीक चूक झाली तर ती तो स्वतः धरतो आणि दुरुस्त करतो, जसं शाळेत पाढे म्हणताना शेजारची पोरगी आपली चूक धरायची. लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा ही सोय नसते. एका माणसाची चूक एका माणसालाच भोवते. सर्वरची चूक रांगेतल्या सगळ्यांना.

हे सगळं चाललं असताना सरवरभाई दारात. त्याला काय घोटाळा झाला ते मिलिंदनं सांगितलं. तो हसला नाही. वस्तू उचलून उन्हात धरून पाहू लागला.

"भाभी, हे माह्या नावानं आलं. मी घेतो."

"ठेव खाली. तुह्या लॅपटॉपात जात नाही ते. त्याले बोर्ड येगळा, मेमरी येगळी, पंखा येगळा."

"घेतो ना मंग येगळं."

"काय करशील त्याचं? तुले गिऱ्हाईक बाजूले बसवून इथं तोड, तिथं जोड करा लागते. त्या कामाले हा लॅपटॉपाहून जोरात पळत नाही. मोठं दिसलं म्हणून भुलू नको."

"मले शेवटचा सीझन हाय, भाभी. पोरं किल्ली मांगून राह्यले."

"म्हणूनच सांगून राह्यली. चुकीच्या वस्तूत पैसा घातला तं सीझन संपायच्या आधीच किल्ली जाईन."

"तुमी बी पोरायसारख्याच बोलता," म्हणून तो गेला. चहा तसाच राहिला. मिलिंद म्हणाला, त्याला हवंय तर द्यायचं होतंस. मी म्हटलं, माणूस बुडत असताना त्याच्या हातात वरवंटा द्यायचा नसतो, तो कितीही मागो.

गोपालला पुन्हा फोन झाला, या वेळी "अमडापूरच्या फोटोवाल्याचा" असं सांगून. टाके बसवलेला बोर्ड आला. लॅपटॉप जोडला, चालला. सरवरभाई न्यायला आला. पिशवीत घातला, उठला, पुन्हा बसला.

"भाभी, माह्यी डार्करूम पाह्यली होती ना तुमी?"

पाहिली होती. स्टुडिओच्या मागं, घराला लागून, जाड भिंतीची, जाड दाराची अंधारी खोली. तिथं तो रिळं धुवायचा.

"समोर फोटो काढाले किती टाइम लागे? माणूस बसला, उठला. पण समोरच्यासाठी मी एक एक फोटो मांगं धुतला असता तं मेलो असतो. दिवसभराची रिळं जमा करायची अन् एकदाच धुवायची. समोरचं काम येगळं, मांगचं येगळं. लग्न कापणं हे समोरचं काम. ते लॅपटॉपवर मस्त होते. पण कापून झाल्यावर पुरा पिच्चर बनाले तो लॅपटॉप तासन्‌तास तापते. तेवढा टाइम मी नुसता बसून राह्यतो. अन् त्याच्यातच तो मेला. ते धुलाईचं काम हाय, भाभी. ते या मोठ्याले देऊ."

मी मिलिंदकडं पाहिलं. मिलिंदनं मान डोलावली. मी दोन प्रोसेसर शेजारी ठेवून कोणता भारी ते मोजत बसले होते. सरवरभाई आपलं काम मोजत होता. मला ते सुचलं नव्हतं. थोडा वेळ मी उगाच स्क्रू शोधत राहिले, मग म्हटलं, "घे."

गोपालकडून जुना बोर्ड आणला, मेमरी आणली, भलाथोरला पंखा आणला. पेस्ट मीच लावली. त्या मोठ्या झाकणाला आमच्या नेहमीच्या हिशेबानं लावली तर कोपऱ्यात पोचली नाही. पुसून पुन्हा लावली. मशीन डार्करूममध्ये ठेवलं, कारण ती खोली थंड होती आणि वास बाहेर जायला बसवलेला पंखा तिथं आधीचाच होता.

सुरू केलं तर पडदा काळा. सरवरभाईचा चेहराही तसाच झाला. दारात त्याची दोन्ही मुलं उभी होती. मिलिंदच्या लक्षात आलं. लॅपटॉपच्या प्रोसेसरच्या आतच चित्र दाखवायची सोय असते. या सर्वरच्याला ती नव्हती. तो कुठल्या तरी बंद खोलीत एकटा राहायचा, त्याला तोंड दाखवायची गरजच नाही. पडद्यासाठी वेगळं कार्ड बसवावं लागलं.

"म्हंजे आंधळा हाय का हा?" सरवरभाईची बायको शकीला म्हणाली.

"आंधळा नाही, मुका," मी म्हटलं.

मग पंख्यांनी जोर धरला आणि तो मुकाही राहिला नाही. शकीला स्वयंपाकघरातून ओरडली, "हे काय गिरणी आणली का घरात?" डार्करूमचं दार लावलं तेव्हा कुठं बोलणं ऐकू आलं.

पहिलं एक लग्न बनवायला टाकलं. लॅपटॉपपेक्षा थोडंच लवकर झालं. मुलांनी एकमेकांकडं पाहिलं. थोरला म्हणाला, "अब्बा, एवढ्यासाठी?"  सरवरभाईनं साठलेली सगळी लग्नं एकदम टाकली आणि दार लावून समोर लॅपटॉपवर पुढचं कापायला बसला. एक लग्न बनायला लागला त्याहून थोडाच जास्त वेळ लागला, आणि सगळी बनून आली. इकडं लॅपटॉप थंड होता. भट्टी पेटली होती.

मधेच लाइट गेली. लॅपटॉप आपल्या बॅटरीवर चालू राहिला, आणि सर्वर जागच्या जागी गप्प. ज्यानं तो बनवला त्यानं अमडापूर पाहिलं नसणार. घरचा इन्व्हर्टर उचलून डार्करूममध्ये नेला, आणि तो उन्हाळा शकीलानं हातपंख्यावर काढला. तिनं जे ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही, अंक घरात सगळे वाचतात.

आता वाचणाऱ्याला वाटेल, मशीन आलं आणि स्टुडिओ वाचला. तसं झालं नाही. मशीन आलं म्हणून लग्नाची गिऱ्हाइकं वाढत नाहीत. अर्धी सराई गेली तरी सरवरभाईकडं मोजकीच लग्नं होती, आणि डार्करूम बहुतेक वेळ रिकामी घरघरत होती. मग एक दिवस सुलतानपूरकडचा एक पोरगा हार्डडिस्क घेऊन आला. फोटोवालाच तोही. सराईत पाच लग्नं हाती, आणि लॅपटॉप तापून बंद पडतो. म्हणे, चाचा, तुमच्या मशीनवर एवढे पिच्चर बनवून द्या, जे पैसे होतील ते घ्या.

सरवरभाईनं त्याला हाकललं आणि तणतणत माझ्याकडं आला.

"ज्यायनं माह्यी लग्नं खाल्ली, त्यायचेच भांडे घासू का मी?"

मी एका लॅपटॉपचा पंखा ब्रशनं पुसत होते. म्हटलं, "तुले आचारी व्हायचं होतं ना? आचारी पंगतीत कोण बसलं ते पाह्यत नाही."

"मी कलाकार हाय, भाभी."

"अस ना कलाकार. पण भट्टी तुह्या घरात हाय, अन् किल्ली पोरायच्या हातात जाऊन राह्यली. ठरव."

 या वेळी तो चहा पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्यानंच त्या पोराला फोन करून बोलावलं. एकाचं ऐकून दुसरा आला, मग जळगाव जामोदकडचाही एक बसनं यायला लागला. तापणारे लॅपटॉप सगळ्यांकडे होते, डार्करूम एकट्याकडे होती. सराई संपली तेव्हा मुलांनी किल्ली मागितली नाही. समोरच्या अर्ध्या भागात कव्हरांचं कपाट मात्र आणून ठेवलं. सरवरभाईनं ठेवू दिलं. बाहेरची स्टुडिओची पाटी तशीच आहे, फक्त एका कोपऱ्यावर आता कव्हरं लटकतात.

एक गोष्ट मला खटकत राहिली. दुसऱ्यांची लग्नं बनवता बनवता त्याचं स्वतःचं कापणं कमी झालं. पोरं कशीही तोडून आणतात. वऱ्हाडाचं जेवण अर्धा तास, आणि नवरीच्या आईचं तोंड कुठंच नाही. तो ते तसंच भट्टीत टाकतो आणि बनवून देतो. मी एकदा विचारलं, वाईट वाटत नाही का? म्हणाला, "डार्करूमवाला रीळ धुते, भाभी. फोटो कसा काढला ते काढणाऱ्याले इचारत नाही." हे जिंकणं आहे की हरणं, ते मी अजून ठरवलेलं नाही. माझंही तसंच आहे. नवे लॅपटॉप येतात त्यात प्रोसेसर तर चिकटवलेला असतोच, आता मेमरीही चिकटवतात. खोललं तरी हात घालायला जागा नाही. पुसते, चुना लावते, बंद करते.

मागच्या महिन्यात अमडापूरला गेले होते. शकीला अंगणात तूर निवडत होती, मी शेजारी बसले. सरवरभाई आत जेवत होता. मागून मशीनची घरघर येत होती. एक तरुण गडी हार्डडिस्क हातात घेऊन फाटकात आला. सुलतानपूरकडचाच तो, पहिला.

"चाची, सरवर चालू हाय का?"

शकीलानं सुपातून मान वर केली नाही. "मशीन चालू हाय. माणूस जेवून राह्यला. तुले कोणता पायजे?"

त्यानं हार्डडिस्क पुढं केली. मग म्हणाला, "माणूस. माह्या बहिणीचं लग्न झालं. मी कापून पाह्यलं, पण तसं येत नाही. चाचांनी कापलं पायजे."

आत ताट सरकल्याचा आवाज आला. सरवरभाई दारात उभा, उष्टा हात तसाच, आणि डोळे त्या हार्डडिस्कवर.

"आधी हात धुवा," शकीला ओरडली. "लॅपटॉप चिकट होते."

चिकट झाला असता तर माझ्याकडंच आला असता. मी सुपातली तूर निवडायला घेतली.